शेवटच्या नावाआधी

फोन आला तेव्हा मी इतवारीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव टाकत होतो. नाव टाकायची मशीन सुरू असली की तिच्या गुणगुणण्यात मला फोन ऐकू येत नाही, हे घरच्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माझ्या भाच्याने, निखिलने, शेजारच्या दुकानात फोन केला आणि त्या दुकानदाराने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला फोन माझ्या कानाला लावला. त्याच्या तोंडाकडे पाहूनच मला कळायला हवं होतं. निखिल म्हणाला, "मामा, आई गेली. चहा पिऊन राहिली होती… कप खाली ठेवला आन् गेली." डब्यावर 'सप्रेम भेट'च्या पुढचं नाव अर्धंच झालं होतं. समोर बसलेलं गिऱ्हाईक भला माणूस, म्हणाला, राहू द्या भाऊ, मी उद्या येतो. पण मी ते नाव पुरं केलं. शेवटचं अक्षर जरा वाकडं गेलं, तरी पुरं केलं. कारण ताई तिथे असती तर तिने पहिलं मलाच झापलं असतं, की अर्ध्या नावावरून उठू नको गा, दिवाकर.

सुमनताई माझी थोरली बहीण, रेडिओवरची उद्घोषिका. विदर्भात वाढलेल्या आणि आता केस पिकलेल्या वाचकांनी तिला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. फर्माइशीचा कार्यक्रम तिच्याकडे होता. गावोगावचे लोक पोस्टकार्डावर हव्या त्या गाण्याची फर्माइश करून खाली आपली नावं लिहीत, आणि ती गाणं लावण्याआधी ती नावं वाचून दाखवायची. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. अजून लोक दुकानात येतात, बसतात, आणि "बाईनं आमचं नाव घेतलं होतं" एवढंच सांगून जातात. गाणं कोणतं होतं म्हणून विचारलं की डोकं खाजवतात. मी मुद्दाम विचारून पाहतो. गाणं एकालाही आठवत नाही, नाव कसं घेतलं ते मात्र तिचा सूर काढून दाखवतात.

आम्ही नागपूरच्या तांडापेठेतले विणकर. घरात दोन माग होते. एकावर बा, एकावर काका, आणि माय नि ताई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत. गल्लीत घरटी माग, त्यामुळे दिवस उजाडला की सगळीकडून खटाक खटाक सुरू. रेडिओ मात्र सगळ्यांत मिळून एक, कोपऱ्यावरच्या घरात, खिडकीत गल्लीकडे तोंड करून ठेवलेला. मागाच्या त्या आवाजात गाणं काय डोंबल ऐकू येणार! चाल तेवढी कळायची, तीही चढ्या पट्टीतली असेल तर. पण फर्माइशीची नावं सुरू झाली की एकेक माग थांबत जाई. कुणी कुणाला सांगायचं नाही, आडवा धागा ओवणारा धोटा आपोआप हातात राहायचा. नावं संपली की पुन्हा खटाक खटाक, आणि गाणं बिचारं त्यात बुडून जाई. बाहेरगावचा पाहुणा हे पाहून हसायचा, की गाणं तुम्हीच मागता आणि ते लागलं की काम सुरू करता. आमच्या गल्लीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

गल्लीच्या पोस्टकार्डावर सगळ्यांची नावं असायची, अगदी बारसं न झालेल्या पोराचंसुद्धा 'बाळ' म्हणून. आणि आमच्याकडे एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या मोहल्ल्यात पाहिली नाही. गल्लीतलं माणूस वारलं तरी वर्षभर त्याचं नाव पोस्टकार्डातून काढायचं नाही. फक्त त्याची जागा बदलायची. ते सगळ्यांत शेवटी लिहायचं. रेडिओ केंद्राला हे कोण कळवणार? तिकडे तो माणूस गाण्याचा शौकीन म्हणून जिवंतच राही. मी लहान असताना मायला विचारलं होतं, "तो तं मेला वं माय, आता त्याले गाणं कसं ऐकू येईन?" माय कांडी न थांबवता म्हणाली, "त्याले नाई येत. त्याच्या घरच्यायले त्याचं नाव ऐकू येते ना."

अशा गल्लीतली मुलगी रेडिओवर बोलायला गेली. रेडिओवर माणसं घेणार आहेत, आवाजाची परीक्षा आहे, असं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलं आणि ही केसांत सुताचे कण तसेच घेऊन गेली. घरात बोलायचं तर मागाच्या वर आवाज काढावा लागतो, एकेक शब्द सुटा करून फेकावा लागतो, नाहीतर समोरच्याला कळत नाही. तीच सवय. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि काचेपलीकडचा माणूस कानावरचा हेडफोन काढून आत आला. "बाई, हळू. इथे माइक आहे, तुम्हाला काही गल्ली ओलांडायची नाही." ताई घाबरली नाही. म्हणाली, "मग हळू वाचते," आणि तोच मजकूर घरात निजलेलं पोर जागं होऊ नये अशा आवाजात वाचला. पण शब्द तसाच सुटा सुटा. तिची निवड झाली. बा दिवसभर गल्लीत कारण नसताना फेऱ्या मारत होते. लग्न झाल्यावरही रेडिओवर तिने माहेरचंच नाव ठेवलं. कार्यक्रमाच्या शेवटी ती म्हणायची, "उद्घोषिका सुमन सोनकुसरे," आणि आपलं आडनाव गोंदियापासून यवतमाळपर्यंत पसरलं, या विचाराने माझी कॉलर ताठ व्हायची. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागलो तेव्हा मालकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "ते रेडिओवाले?" मी म्हणालो, तेच. सगळं खानदान रेडिओवरच बसतं अशा थाटात म्हणालो.

मग बा गेले. रीतीप्रमाणे गल्लीचं पुढचं पोस्टकार्ड लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या ओट्यावर चांगलीच हुज्जत झाली. काका म्हणत होते, यंदा राहू द्या. ते कार्ड वाचणार कोण, तर सुमनच. तिने बापाचं नाव माइकवर कसं घ्यायचं? रेडिओवर रडली तर नोकरी जाईन पोरीची. सगळ्यांनी माना हलवल्या. माय आतून ओट्यावर आली. म्हणाली, "पाठवा. बापाचं नाव घ्याले लेकीले लाज कायची? आन् ते तिची ड्युटी आहे." कार्ड गेलं.

त्या दिवशी नावं सुरू होण्याच्या आधीच माग थांबले होते. "तांडापेठ, नागपूरहून," ताई म्हणाली, आणि एकेक नाव सुरू झालं. काकांचं, माझं, मायचं, शेजारपाजारचं. मग "आणि…" म्हणाली आणि पुढे काहीच नाही. रेडिओत शांतता म्हणजे काय असते ते आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईला वाटलं सेल संपले, तिने खिडकीतून हात बाहेर काढून रेडिओवर एक थाप मारली. आणि त्याच क्षणी आवाज आला. "आणि… गणपत सोनकुसरे." कापरा नाही, ओला नाही. बाकीच्यांचं घेतलं तसंच, सुटं आणि स्वच्छ. गाणं सुरू झालं, संपलं, आणि संपेपर्यंत गल्लीतला एकही माग सुरू झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही फर्माइशीचं आख्खं गाणं ऐकलं. आणि ते कोणतं होतं, हे आजही आमच्यापैकी कुणाला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून ताईचा तो थांबा कायमचा झाला. गाव कोणतंही असो, नावं कुणाचीही असोत, शेवटच्या नावाआधी ती "आणि…" म्हणून थांबायची. लोकांना वाटायचं ही तिची लकब, स्टाइल. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत पोरं तिची नक्कल करायची तेव्हा नेमकं तिथेच थांबायची आणि टाळ्या घ्यायची. मीही एकदा चिडवलं, की फार भाव खातेस बा तू शेवटच्या नावाला. तर म्हणाली, "शेवटचं नाव कोनाचं आहे, मले काय माहीत गा? जिवंत असन का नसन. आपल्यासारखी रीत अजून कुठं असली तं? त्याच्याआधी जरा थांबाच लागते." 

पुढे केंद्रात एक नवे साहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, माणूस तसा वाईट नव्हता, शिस्तीचा होता. त्यांचं म्हणणं, लोक गाणी ऐकायला रेडिओ लावतात आणि इथे निम्मा वेळ नावांतच जातो. पहिली तीन-चार नावं घ्या आणि पुढे 'आणि इतर' म्हणून मोकळ्या व्हा. ऐकायला बिनतोड वाटतं. ताई म्हणाली, "साहेब, 'इतर' नावाचा माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही." साहेब हसले, पण वेळेचा मुद्दा सोडेनात. वेळ कुठून तरी काढायलाच हवा होता. ताईने कार्यक्रमाचा कागद पुढे ओढला, नमस्कार-चमत्कार कापले, आणि शेवटची ओळ खोडली. उद्घोषिका सुमन सोनकुसरे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिने माइकवर स्वतःचं नाव घेतलं नाही. सगळ्यांची नावं शेवटपर्यंत वाचायची आणि गाणं लावून उठायचं. मी भयंकर चिडलो होतो. अगं, आख्ख्या विदर्भाला आपलं आडनाव ऐकू येत होतं आणि तू ते कुणाच्या तरी पोस्टकार्डापायी सोडून दिलंस! ती म्हणाली, "माहं नाव लय झालं ऐकून. त्यायचं एकच खेपेस येते." खरं सांगायचं तर तो राग माझा पुरता कधीच गेला नाही. तिच्यासारखी उद्घोषिका निनावी निवृत्त झाली, ही गोष्ट मला डब्यावरच्या अर्ध्या नावासारखी खुपत राहिली.

निवृत्तीनंतर बघता बघता सगळंच बदललं. पोस्टकार्डं आटली, मग कार्यक्रमच बंद झाला. लोकांच्या हातात फोन आले आणि फोनमध्ये गाणी. मागायची गरज नाही, वाट पाहायची गरज नाही, आणि आपल्याला काय आवडतं ते तो फोन आपल्याआधी ओळखतो. भाऊजी गेल्यावर ताई निखिलकडे मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. लोकांना वाटे, ही आता जुने दिवस काढून हळहळत बसेल. छे! तिला त्या फोनचं इतकं कौतुक की विचारू नका. नात श्रेयाने तिला गाण्यांचं ॲप घालून दिलं तेव्हा मला दुकानात फोन करून म्हणाली, "एवढी गाणी आमच्या केंद्राच्या कपाटात नव्हती गा दिवाकर! मेलं एक गाणं मागितलं तं शंभर पुढ्यात येऊन राहिले." रुसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिला खटकली ती वेगळीच गोष्ट. निखिल एका खोलीत कानात इअरफोनची बोंडं घालून, सूनबाई स्वयंपाकघरात कानात बोंडं घालून, श्रेया तर झोपेतसुद्धा. "घरात तीन रेडिओ लागले आहे," ती म्हणायची, "आन् मले एकही ऐकू येऊन नाई राहिला."

त्या ॲपमध्ये गाण्यांच्या मध्ये बोलणारा एक आवाज आहे. माणसाचा नाही, यंत्राचा, पण बोलतो माणसासारखा. श्रेयाने मोठ्या हौसेने तो लावून दाखवला, तेव्हा मी तिथेच होतो. तो हिंदीत म्हणाला, "नमस्ते सुमन, ये गाने ख़ास आपके लिए." श्रेया आजीच्या तोंडाकडे पाहत होती, की आता ही खूश होणार, इतकी वर्षं लोकांची नावं घेतली, आता रेडिओ हिचं नाव घेतोय. ताईने डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं, परीक्षकासारखं. म्हणाली, "आवाज बरा आहे. उच्चार साफ आहे. पण माहं नाव मलेच सांगून काय फायदा वं पोरी? मले माहीत आहे ना माहं नाव. लोकायले सांगाव ना!" श्रेया हसत सुटली. मी मात्र परतताना रस्ताभर तेच वाक्य घोळवत होतो. इतवारीत बसून मी आयुष्यभर भांड्यांवर नावं टाकली. आपल्या घरातल्या डब्यावर आपलंच नाव कुणी हौसेने टाकत नाही, टाकलं तर पंगतीत भांडी बदलू नयेत म्हणून. खरं नाव पडतं ते दुसऱ्याच्या घरी द्यायच्या भांड्यावर. मामाकडून, आत्याकडून. तिकडे कुणीतरी ते रोज घासतं आणि वाचतं.

मग तिला रामटेके भेटला. हा त्या इमारतीचा चौकीदार, मौद्याकडच्या एका गावचा. ताई एकदा गेटवर उभी राहून भाजीवाल्याला हाक मारत होती, तर हा खुर्चीवरून उठून उभा. "बाई, तुमी रेडिओवाल्या सुमनबाई तं नव्हं?" चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, हाकेवरून ओळखलं. त्याच्या आईचं नाव गावातून येणाऱ्या पोस्टकार्डावर असायचं. गावाचं कार्ड एकच असे, त्यात आधी मोठ्या घरांची नावं, मग बाकीच्यांची, आणि बौद्ध वस्तीची सगळ्यांत शेवटी. "लिवनारे लिवत तं होते, पण आमची नावं शेवटी," मी साहेबांचं ते 'आणि इतर' सांगितलं तेव्हा रामटेके म्हणाला. "बाईनं 'आणि इतर' म्हटलं असतं ना भाऊ, तं ते इतर आमीच होतो. बाई शेवटपर्यंत वाचत. माय म्हणे, आपल्या वस्तीचं नाव नागपुरातून कोनी पयल्यांदा घेतलं तं या बाईनं घेतलं. शेवटचं नाव मायचंच राहे. बाई त्याच्याआधी थांबत, तवा आमी श्वास रोखून बसत होतो." हे ऐकलं आणि त्या जुन्या साहेबांच्या खोलीत ताईने खोडलेल्या ओळीवरचा माझा राग निम्मा तरी उतरला. उरलेला निम्मा म्हणजे नुसती बहिणीची माया, ती उतरायची नाही.

रामटेकेने मागितलं एकच: माय आता गावी अंथरुणाला खिळली आहे, तिच्या नावाने एक गाणं लावाल का? ताईने निखिलचा स्पीकर खाली नेला, श्रेयाच्या वाढदिवसाला आणलेला माइक त्याला जोडला, पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि रामटेकेच्या फोनवर त्याची माय जोडून दिली. गाव सांगितलं, वस्ती सांगितली, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, थांबली, आणि शेवटी म्हातारीचं. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून पाहायला लागले. दुसऱ्या रविवारी धुणंभांडी करणाऱ्या दोघीजणींनी आपली फर्माइश रामटेकेकडे सांगून ठेवली. तिसऱ्या रविवारी बी विंगमधले एक रिटायर्ड प्राचार्य लाजत लाजत गेटवर येऊन रामटेकेच्या कानात काहीतरी बोलून गेले. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये फर्माइश. नियम एकच, की गाणं एकट्याने मागायचं नाही. सोबत आणखी कुणाचंतरी नाव द्यायचं. पोरांनी मित्रांची नावं दिली, सुनांनी सासवांची, आणि एकमेकांशी वर्षभर न बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं त्यांच्या बायकांनी परस्पर एका फर्माइशीत घातली. ताईने ती इतक्या गंभीर आवाजात वाचली की दोघांना खाली येऊन हसावंच लागलं.

यात त्या ॲपची मात्र पुरती तारांबळ उडाली. ताईच्या ज्या फोनवर भजन, त्याच्यावर लगेच पोरांचं धडधड धडधड, मग भीमगीत, मग पाळणा, मग कव्वाली, मग प्राचार्यांचं नाट्यपद. श्रेया म्हणे, "आजी, तुझं ॲप येडं झालं. त्याले समजूनच नाई राहिलं तू कोण आहे ते." खरोखरच 'तुमच्यासाठी खास' म्हणून ते जे काढून देई त्यात आख्खी सोसायटी असे. ताईला याचा कोण अभिमान! आल्यागेल्याला फोन दाखवून म्हणायची, पाहा, हा म्हणते हे सगळं माह्या एकटीच्या आवडीचं आहे. मी विचारलं, यातलं तुझ्या आवडीचं कोणतं? "उद्घोषकाले आवड नसते गा," म्हणाली आणि चहाचा कप तोंडाला लावला. आमची ती शेवटची भेट.

तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी श्रेयाचा फोन आला. "आजोबा, रामटेकेकाका विचारून राहिले, आज फर्माइश होईल का? लोक सांगून गेले त्याईच्याजवळ." मी दुकान लवकर बंद करून मनीषनगर गाठलं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, ताईची खुर्ची रिकामी, आणि त्या खुर्चीभोवती माणसं अशी उभी होती की कुणाला कुठे पाहावं कळत नव्हतं. श्रेयाने आजीचा फोन स्पीकरला जोडला. ॲप उघडताच तो आवाज मोठ्याने घुमला, सगळ्या गाड्यांवर आपटून परत आला. "नमस्ते सुमन, बहुत दिनों बाद! ये गाने ख़ास आपके लिए…"

श्रेयाने चटकन तो आवाज थांबवला. वरच्या गॅलरीत कुणीतरी तोंडाला पदर लावला. रामटेके हळूच म्हणाला, "त्याले माहीत नाई ना, बाई गेल्या ते." मला रडू आलं नाही, राग आला. त्या बिचाऱ्या यंत्राचा नाही. इतकी माणसं जमली होती, आणि तिचं नाव कुणी घेतलं तर ते तिलाच हाक मारून, जी तिथे नव्हती. तिने सांगून ठेवलं होतं ना, मले काय सांगता, लोकायले सांगा! मी पुढे झालो आणि माइक उचलला. मी आजवर कधी माइकवर बोललेलो नाही. दुकानदार माणूस, माझा आवाज गिऱ्हाइकाला हाक मारायचा. तिच्या खुर्चीवर बसलो नाही. बाजूला उभा राहिलो आणि रामटेकेला म्हणालो, "सांग."

तो कानाशी एकेक नाव सांगत गेला आणि मी म्हणत गेलो. बी विंगमधून अमुक, त्यांच्या सूनबाई, त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी, त्यांची दोन पोरं, मौद्याकडून रामटेकेची माय. सुरुवातीला माझा आवाज इतवारीतल्यासारखा फाटला, मग मला ते परीक्षेचं आठवलं, निजलेलं पोर जागं होऊ नये असा, आणि मी खाली आलो. शब्द मात्र सुटे ठेवले. अक्षर वाकडं जाऊ दिलं नाही. रामटेकेची नावं संपली. 

"आणि…" मी म्हणालो, आणि थांबलो.

इतकी वर्षं मी तो थांबा या बाजूने ऐकत आलो होतो. त्या बाजूने तो केवढा असतो ते मला तेव्हा कळलं. सायकल फिरवणारं एक पोर पाय टेकवून उभं राहिलं. गॅलरीतलं बोलणं बंद पडलं. तांडापेठेत माग थांबायचे तसं सगळं थांबलं होतं, आणि बा गेले तेव्हा माझी बहीण अशीच एकटी, काचेच्या आत, लाल दिव्याखाली बसलेली असणार…

"आणि… तांडापेठ, नागपूरहून, उद्घोषिका सुमन सोनकुसरे."

श्रेयाने गाणं लावलं. रीतीप्रमाणे अजून वर्ष पुरं व्हायचं आहे, त्यामुळे दर रविवारी ते नाव शेवटी येतं, आणि मी दुकान लवकर बंद करतो. त्या पहिल्या संध्याकाळी गाणं कोणतं लागलं म्हणून लोक मला विचारतात. मला सांगता येत नाही.